‘कृपया विचारणा करू नये’ : आरोग्यमंत्र्यांना एक खुलं पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
आणि मा. आयुक्त, आरोग्य सेवा, मुंबई यांस,

सविनय नमस्कार.

मी सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झाले. महिन्यातून दोनदा, कधी तीनदा मी माझ्या पतींना घेऊन तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात बीपी-शुगरच्या ओपीडीला जाते. गेल्या महिन्यात त्या खोलीच्या दारावर एक कागद चिकटवलेला दिसला. त्यावर टाइप करून लिहिलं होतं : ‘एचबीएवनसी तपासणी बंद आहे. कृपया विचारणा करू नये.’ खाली शिक्का. एचबीएवनसी म्हणजे मागच्या तीन महिन्यांची शुगर सांगणारी रक्ततपासणी.

तपासणी बंद असणं आम्हाला नवीन नाही. ती असते हे मला कळल्यापासून ती कधी बंद असते, कधी ‘औषध आलं नाही’ म्हणून थांबलेली असते, कधी ‘बाहेरून करून आणा’ असं चिठ्ठीवर लिहून मिळतं. पण विचारायचंही नाही, हे मला सोसवलं नाही. त्या खोलीतल्या सिस्टरांवर माझा जराही राग नाही. रांगेतल्या प्रत्येकाचं बीपी, शुगर, नोंद आणि गोळ्या हे सगळं त्या एकट्या बघतात. तो कागदसुद्धा त्यांनी त्याच त्याच प्रश्नाला उत्तर देऊन थकल्यावर लावला असणार. तेव्हा त्यांना न विचारता मी आपल्याला विचारते आहे, आणि चारचौघांत विचारते आहे, कारण त्या रांगेतल्या बहुतेकांना पत्र लिहिता येत नाही.

आधी माझ्या घरात काय झालं ते सांगते.

माझे पती एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्तीला वर्ष उरलं असताना, २०१४ साली, त्यांची शुगर निघाली. अंगानं किडकिडीत माणूस. ‘ह्यांना कशी काय शुगर?’ असं भावकीत सगळे म्हणाले, आणि ते त्यांनाही पटलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपला आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापून हेच दाखवलं होतं, हे मी फार उशिरा वाचलं. दोघांच्या वजन-उंचीचं गुणोत्तर (बीएमआय) सारखंच, २२.३. पण ब्रिटिश माणसाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या माणसाच्या अंगात २१.२ टक्के. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली छापून आलेली ही गोष्ट आमच्या गावात कोणी सांगितली असती, तर आमच्या ह्यांनी दुखणं थोडं तरी मनावर घेतलं असतं.

तरी ते ओपीडीला जायचे. चुकवायचे नाहीत. उपाशीपोटी रक्त द्यायचे, आकडा यायचा १३२, १३८, एकदा १४५. कार्डावर ‘कंट्रोल’ असा शेरा पडायचा आणि आम्ही आनंदानं घरी यायचो. खरी गोष्ट मला नंतर कळली. तारखेच्या आधी दोन दिवस ते रात्री अर्धीच भाकरी खायचे, चहा बिनसाखरेचा घ्यायचे, आदल्या रात्री तर कधी नुसतं ताक पिऊन झोपायचे. गोळी मात्र घ्यायचे. तारीख गेली की पुन्हा लग्नातल्या पंगती, उसाचा रस, गुळाचा चहा. परीक्षेच्या आदल्या दिवशी रात्र जागणारी मुलं मी आयुष्यभर पाहिली, पण माझ्याच घरात तसं चाललंय हे मला दिसलं नाही. आणि गोळ्या मिळायच्या दहाच दिवसांच्या. पुढची तारीख पंधरा दिवसांनी. मधल्या दिवसांत पुरवण्यासाठी ते एकाआड एक खायचे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये एका पहाटे त्यांच्या हातातली कपबशी निसटली. मी ओरडले, तर त्यांना बोलता येईना. तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा हात लोंबलेला. शेजारचे धावत आले. म्हणाले, अंगावरून वारं गेलं. शेजारच्या तालुक्यात लकव्याचं औषध देणारा एक माणूस आहे, त्याच्याकडे आधी नेलं. मी शिकलेली बाई, पण मीही ‘चला’ म्हणाले. हे लिहिताना अजून हात थरथरतो. तिथून १०८ बोलावून जिल्ह्याच्या ठिकाणी पोचेपर्यंत सात तास झाले होते. तिथल्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन पाहून सांगितलं, मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी आहे. ती विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आता ती वेळ गेली. शुगर ३१२ होती. तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, ९.६ आली.

त्यांनी ह्यांची फाइल चाळली. तीन वर्षांची कार्डं. ‘ही तपासणी एकदाही केली नाही?’ त्यांनी विचारलं. मी काय सांगणार? ती असते, हेच मला माहीत नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळी त्याच डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीमागे पेनानं चित्र काढून मला समजावलं. पुढे माझी भाची, जी पॅथॉलॉजीचं शिक्षण घेते, तिच्याकडून मी दीड वर्ष विचारून विचारून शिकले. शिकले ते इथे लिहिते, कारण ते कळल्याशिवाय माझी मागणी कळणार नाही. आणि हे पत्र रांगेतल्या कोणाच्या नातवानं वाचून दाखवलं, तर त्यांनाही उपयोग होईल.

जखम झाली की रक्त गोठतं, हे आपल्याला वाचवण्यासाठी. डेंग्यूमुळे सगळ्यांना ठाऊक झालेल्या प्लेटलेट्स आधी धावतात आणि एकमेकींना चिकटतात. मग रक्तातलं फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन धाग्यांसारखं विणलं जातं, त्याचं जाळं होतं आणि त्या जाळ्यात गुठळी पक्की बसते. जखम भरत आली की शरीर स्वतःच ते जाळं विरघळवतं. गुठळी बांधणं आणि ती मोडणं, दोन्ही कामं रोज चालू असतात आणि त्यांचा तोल असतो.

रक्तात साखर महिनोन्महिने जास्त राहिली की हा तोल बांधण्याच्या बाजूला झुकतो. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर बिघडतं. एरवी ते प्लेटलेट्सना शांत ठेवणारे पदार्थ सोडत असतं, ते कमी पडतात. प्लेटलेट्स उतावीळ होतात, थोड्याशा कारणानं चिकटतात. फायब्रिनोजेनचं प्रमाण वाढतं. शिवाय गुठळी विरघळवण्याच्या कामाला अटकाव करणारा पीएआय-वन नावाचा पदार्थ वाढतो, विशेषतः टाइप टूच्या मधुमेहात. म्हणजे गुठळी सहज बांधली जाते आणि विरघळायला वेळ लागतो.

यातली एक गोष्ट कळली तेव्हा मी भाचीला फोनवर तीनदा विचारून खात्री केली. एचबीएवनसी तपासणी मोजते काय? तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे ते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते. हीच साखर तशीच फायब्रिनोजेनलाही चिकटते. साखर चिकटलेल्या फायब्रिनोजेनचं जाळं जास्त दाट विणलं जातं, आणि दाट जाळं विरघळवणं शरीराला जड जातं. जी गोष्ट गुठळीला बळ देते, त्याच जातीची गोष्ट ही तपासणी मोजते. आणि साखर आटोक्यात आणली की फायब्रिनची वीण सुधारते, पीएआय-वन खाली येतो, असंही पाहिलं गेलं आहे. म्हणजे हे सगळं कपाळी लिहिलेलं नाही. त्यात बदल करता येतो, पण आधी ते मोजायला हवं.

मी सगळा दोष साखरेवर टाकत नाही. आमचे हे तंबाखू खायचे. बीपी होतं. कोलेस्टेरॉल कधी तपासलंच नव्हतं. पण या सगळ्यांतून जे शेवटी घडलं ते गुठळी, आणि त्या गुठळीला पोसणारं रक्त तीन वर्षं ‘कंट्रोल’ असा शेरा घेऊन फिरत होतं.

आता तक्रारी.

पहिली तक्रार तपासणीची. आपण आमची एका सकाळची साखर मोजता. ती माणूस दोन दिवस उपास करून खाली आणू शकतो, आणि आणतो. आमच्या ह्यांची गोष्ट एकट्याची नाही. रांगेत बसल्यावर बायका एकमेकींना उघड सांगतात, ‘काल रात्री जेवलेच न्हाई, आज बरी येईल.’ दवाखान्यातल्या माणसांना फसवायचं म्हणून नव्हे. आकडा जास्त आला की बोलणी बसतात, म्हणून. आणि यात आणखी एक धोका आहे, जो मला फार उशिरा कळला. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन रात्री उपाशी झोपलं तर साखर फार खाली जाऊ शकते. साखर फार खाली जाते तेव्हाही शरीर घाबरतं आणि प्लेटलेट्स चिकटायला लागतात. म्हणजे उपाशीपोटीच्या आकड्यावरच माणसाला पास-नापास ठरवण्याची पद्धत त्याला एकीकडे खोटा दिलासा देते आणि दुसरीकडे उपाशी ठेवते. उपाशीपोटीची तपासणी करू नका असं माझं म्हणणं नाही. गोळीचा डोस ठरवायला ती लागते. पण तिच्या जोडीला तीन महिन्यांची तपासणी नसेल तर तो अर्धाच हिशेब होतो.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार मोफत झाले. केसपेपरचे पैसेसुद्धा लागत नाहीत. हा निर्णय चांगला आहे, मी तो मनापासून मानते. पण जी तपासणी होतच नाही, ती मोफत असून उपयोग काय? मागच्या वेळी मी बाहेर साडेचारशे रुपये दिले. मला पेन्शन आहे, मी दिले. माझ्यापुढे रांगेत खुरपणीला जाणारी एक बाई होती. तिनं चिठ्ठी घडी करून कमरेला खोचली आणि गावाकडची गाडी धरली. ती चिठ्ठी तशीच राहणार, हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि ती लिहून देणाऱ्यालाही माहीत असावं.

दुसरी तक्रार गोळ्यांची. दहा दिवसांच्या गोळ्या आणि पंधरा दिवसांनी तारीख. हे गणित कुठल्याही इयत्तेत बरोबर येत नाही. गावाहून तालुक्याला यायचं म्हणजे सकाळची पहिली एसटी, उपाशी पोट, रांग, मग जेवणानंतरच्या रक्तासाठी दोन तास थांबणं, आणि परत जाईपर्यंत चार वाजतात. मजुराचा रोज बुडतो. एवढं करून दहा दिवसांच्या गोळ्या. मधले पाच दिवस साखर वर जाते आणि रक्त त्या पाच दिवसांचीही नोंद ठेवतं. गंमत म्हणून सांगत नाही, अभिमानानं सांगते, की रक्तदाबासाठी याच राज्यानं याहून चांगलं करून दाखवलं आहे. २०१७ साली देशात सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र होता आणि आमचा सातारा जिल्हाही होता. ठरलेली औषधं, ठरलेल्या पायऱ्या, रुग्णाचं कार्ड, पुरेसा साठा, जवळच्या केंद्रात औषध, ही त्याची रीत. बीपीला जे जमतं ते शुगरला का जमू नये? माणूस तर तोच आहे. बहुतेकांना दोन्ही असतात.

तिसरी तक्रार माहितीची, आणि ती माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठी आहे, कारण तिला पैसे जवळजवळ लागत नाहीत. ओपीडीच्या भिंतीवर मधुमेहाचा तक्ता आहे. त्यावर डोळा आहे, मूत्रपिंड आहे, पायाची जखम आहे. गुठळी हा शब्द कुठेच नाही. त्यामुळे लोक आपापल्या समजुती चालवतात. ‘शुगरनं रक्त घट्ट होतं’ असं आमच्याकडे सगळे म्हणतात. रक्त काही पाकासारखं घट्ट होत नाही, त्याची गोठायची तयारी वाढते. हा फरक बारीक वाटेल, पण त्यावरूनच पुढची चूक होते. रक्त घट्ट झालंय म्हणून लोक पातळ करायची गोळी मागतात. माझ्या ओळखीतले एक गृहस्थ मेडिकलमधून अ‍ॅस्पिरिनची पाकिटं आणून रोज एक खायचे, ना हृदयाचा त्रास ना डॉक्टरांचा सल्ला. शेवटी काळी शौचाला झाली, रक्त भरावं लागलं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘असेंड’ या मोठ्या अभ्यासात नेमकं हेच पाहिलं होतं. मधुमेह आहे पण हृदयविकार वा पक्षाघात झालेला नाही अशा १५,४८० लोकांचा तो अभ्यास. अ‍ॅस्पिरिननं हृदयविकार-पक्षाघातासारख्या झटक्यांचं प्रमाण १२ टक्क्यांनी कमी झालं आणि मोठ्या रक्तस्रावांचं २९ टक्क्यांनी वाढलं. म्हणजे ही सरसकट वाटायची गोळी नव्हे. उलट ज्यांना एकदा झटका येऊन गेला आहे, स्टेंट बसला आहे, त्यांनी ती मनानं बंद करणं तितकंच घातक. आमच्याकडे पहिले लोक ती मनानं सुरू करतात आणि दुसरे मनानं सोडतात, कारण दोघांनाही समोर बसवून कोणी पाच मिनिटं बोललेलं नाही.

गुठळी हा शब्द लोकांना झेपणार नाही, असं कोणी म्हणू नये. २०२१ मध्ये आमच्या वाडीवस्तीवरच्या माणसांनी ‘डी-डायमर’ हा गुठळीचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासणीचा शब्द शिकला. कोविडमध्ये रक्तात गुठळ्या होतात म्हणून पोटात इंजेक्शनं घेतली. त्याच उन्हाळ्यात म्युकरमायकोसिस आला. कोविड, स्टेरॉइड आणि वाढलेली साखर या तिघांनी मिळून तो आणला. ती बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते, तिथे गुठळ्या होतात आणि पुढचं मांस मरून काळं पडतं. माझ्या एका माजी विद्यार्थ्याचा डोळा त्यात गेला. त्याला शुगर आहे हे त्याला दवाखान्यात भरती झाल्यावर कळलं. तेव्हा आपल्या खात्यानं गावोगाव माहिती पोचवली होती. ती साथ गेली, पण साखर आणि गुठळी यांचं नातं साथीपुरतं नव्हतं.

चौथी तक्रार आकड्यांची. देशात मधुमेहाचे सुमारे १०.१ कोटी रुग्ण आहेत, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब अभ्यासानं २०२३ मध्ये सांगितलं. त्याच वर्षी केंद्र सरकारनं २०२५ पर्यंत साडेसात कोटी बीपी-शुगरच्या रुग्णांना प्रमाणित उपचाराखाली आणायचं ठरवलं. नाव नोंदवलं, गोळी दिली की माणूस उपचाराखाली आला. माझे पतीही होते. ज्या दिवशी त्यांचा उजवा हात गेला, त्या दिवशी आपल्या नोंदवहीत ते उपचार घेत असलेले, नियमित आणि नियंत्रणात असलेले रुग्ण होते. म्हणून मला विचारायचंय, ज्यांना कंट्रोल म्हटलं त्यांच्यापैकी किती जणांची तीन महिन्यांची शुगर पाहून तसं म्हटलं? आणि त्यांच्यापैकी किती जणांना पुढे झटका आला, पक्षाघात झाला, हे कोणी त्याच वहीत परत येऊन लिहितं का?

एक तक्रार थोडक्यात. पक्षाघाताचा झटका आलेल्या माणसाची साखर तो रुग्णालयात आल्या आल्या पाहायची असते, कारण साखर फार कमी झाली तरी तोंड वाकडं होऊ शकतं, आणि जास्त असेल तर गुठळी विरघळवायच्या इंजेक्शननंतर मेंदूत रक्तस्रावाचा धोका वाढतो. त्यासाठी ग्लुकोमीटर आणि पट्ट्या लागतात. आमच्या रुग्णालयात पट्ट्या संपल्याचं मी स्वतः दोनदा ऐकलं आहे.

माझ्या म्हणण्यावर कोणी तज्ज्ञ दोन आक्षेप घेतील, तेही लिहिते.

एक असा, की साखर खाली आणली म्हणून झटके टळतातच असं नाही. खरं आहे, आणि फार जोरानं खाली आणणं धोक्याचंही आहे. अमेरिका-कॅनडातल्या अ‍ॅकॉर्ड नावाच्या अभ्यासात एचबीएवनसी सहाच्या खाली नेण्याचा प्रयत्न केला, तर त्या गटात मृत्यू वाढलेले दिसले आणि २००८ साली तो भाग थांबवावा लागला. म्हणून ‘सगळ्यांची शुगर पाडा’ असं मी म्हणत नाही. म्हाताऱ्या माणसाचा आकडा वेगळा, तरुणाचा वेगळा, तो डॉक्टरांनी ठरवावा. पण त्याच २००८ साली ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस अभ्यासाचे पुढचे निष्कर्ष आले. मधुमेह नुकताच कळलेल्या लोकांवर १९७७ साली सुरू झालेला तो अभ्यास १९९७ मध्ये संपला होता. पुढची दहा वर्षं त्या लोकांकडे लक्ष ठेवलं. सुरुवातीला ज्यांची साखर नीट सांभाळली होती, त्यांच्यात हृदयविकाराचे झटके १५ टक्क्यांनी कमी होते, आणि ज्या जास्त वजनाच्या रुग्णांना मेटफॉर्मिन दिलं होतं त्यांच्यात ३३ टक्क्यांनी. त्यांची आणि साधे उपचार मिळालेल्यांची साखर मधल्या काळात सारखीच झाली होती, तरी सुरुवातीच्या वर्षांचा फायदा टिकला. मेटफॉर्मिन म्हणजे आपल्याच दवाखान्यात मिळणारी ती पांढरी गोळी. सुरुवातीची वर्षं महत्त्वाची आहेत, आणि नेमकी तीच आमच्याकडे ‘कंट्रोल’च्या शेऱ्याखाली निघून जातात.

दुसरा आक्षेप असा, की एचबीएवनसी सगळीकडे चालत नाही. तोही बरोबर. लोह कमी असलेल्या बायकांत तो आकडा जास्त दिसू शकतो. नंदुरबारमध्ये, तसंच गडचिरोली आणि विदर्भाच्या इतर भागांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. सिकलसेलच्या रुग्णांत तांबड्या पेशी लवकर मरतात, म्हणून आकडा कमी, फसवा येतो. तिथे जेवणाआधीच्या आणि नंतरच्या तपासण्यांवरच जास्त भिस्त ठेवावी लागेल. पण म्हणून उरलेल्या राज्यानं ती करूच नये, असं कोणता डॉक्टर म्हणेल?

तर माझ्या मागण्या अशा.

प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात एचबीएवनसी तपासणी कायम सुरू असावी. साखर आटोक्यात असलेल्यांची वर्षातून किमान दोनदा, नसलेल्यांची दर तीन महिन्यांनी. यासाठी उपाशी यावं लागत नाही, रक्त कुठल्याही वेळी घेता येतं. तेव्हा नमुना प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रातच घ्यावा, तालुक्याला फक्त रक्त जावं, माणूस नको. तपासणीचं साहित्य संपलं तर ते कधी येणार याची तारीख दारावर लिहावी.

ही तपासणी झाल्याशिवाय कोणाच्या कार्डावर ‘कंट्रोल’ लिहू नये.

किमान एक महिन्याच्या गोळ्या एका वेळी द्याव्यात, आणि त्या उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे मिळाव्यात. ज्यांना झटका येऊन गेला आहे त्यांच्या गुठळी टाळायच्या गोळ्या एक दिवसही तुटू नयेत. अ‍ॅस्पिरिन कोणी घ्यायची, कोणी घ्यायची नाही आणि न विचारता कोणी बंद करायची नाही, हे प्रत्येकाच्या कार्डावर मराठीत लिहून मिळावं.

आशाताई तीस वर्षांवरच्या माणसांची माहिती घरोघरी जाऊन भरतातच. त्यांच्या हाती एक पानाची पत्रिका द्या. साखर, बीपी, तंबाखू आणि गुठळी यांचं नातं तिच्यात असावं. तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडखळलं तर १०८ला फोन करायचा, इंजेक्शन साडेचार तासांच्या आत मिळावं म्हणून लवकरात लवकर सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात पोचायचं, आणि आपल्या तालुक्यातून ते रुग्णालय कोणतं, हेही असावं. त्या पहाटे माझ्या घरात असं एक पान असतं, तर आम्ही लकव्याच्या औषधवाल्याकडे गाडी वळवली नसती. या कामाचे पैसे आशाताईंना वेगळे द्यावेत. त्यांच्यावर आधीच पुष्कळ ओझं आहे.

प्रत्येक तालुक्यात किती मधुमेही नोंदवले, किती जणांची तीन महिन्यांची तपासणी झाली आणि त्यांतले किती खरोखर आटोक्यात आहेत, हे तीन आकडे दर सहा महिन्यांनी जाहीर करावेत.

आणि दारावरचा तो कागद काढावा.

माझे पती आता काठी घेऊन चालतात. उजव्या हातानं घास तोंडापर्यंत नेतात, पण भाकरी मोडता येत नाही, मी मोडून देते. शब्द आठवत नाहीत तेव्हा चिडतात. ज्या माणसानं तीस वर्षं घाटातून गाडी चालवली, त्याला आता परसातल्या दोन पायऱ्या उतरायला माझा खांदा लागतो. त्यांची एचबीएवनसी मागच्या वेळी ७.४ होती. अर्धी भाकरी, उपास वगैरे आता काही नाही, दोन्ही वेळ पोटभर जेवूनच. ती तपासणी बाहेरून केलेली आहे. तीन महिने झाले, आता पुन्हा करायची आहे.

पुढच्या मंगळवारी आमची तारीख आहे. आम्ही नेहमीप्रमाणे पहिल्या एसटीनं येऊ, आणि केसपेपर काढून झाला की मी त्या खोलीत जाऊन विचारणा करीन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
जिल्हा सातारा